जुलैच्या ढगातला जानेवारी

जानेवारीत अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या नेपरव्हिलच्या मराठी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू असलं, की कुंकवाच्या आधी चटका मिळतो. बाहेर उणे पंधरा अंश, दाराशी बुटांची रास, फर्नेस दिवसरात्र चालू आणि जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट. काळी चंद्रकळा नेसलेली यजमानीण मोजे घातलेल्या पायांनी लगबगीने येते, करंड्यात बोट बुडवते, समोरच्या काकूंच्या कपाळाशी नेते आणि बोट टेकायच्या आतच 'चट्' होतं. दोघी दचकतात. "थांबा हो काकू, आधी नळाला हात लावून येते," म्हणत ती स्वयंपाकघराकडे वळते. वाण देताना स्टीलच्या डब्यावरून पुन्हा तेच. खोलीत अंधार असेल तर ठिणगी दिसतेसुद्धा: निळसर-जांभळी, दोन-तीन मिलिमीटरांची, नजरेत भरायच्या आत विझलेली.

ही ठिणगी दिसते तेवढी क्षुल्लक नाही. हवा सहजासहजी विजेला वाट देत नाही. तिला फोडून पलीकडे जायचं तर दर सेंटिमीटरमागे साधारण ३०,००० व्होल्टचा दाब लागतो. म्हणजे तीन मिलिमीटरच्या ठिणगीमागे ९,००० व्होल्टच्या आसपास दाब उभा होता. अमेरिकेतल्या घरातला प्लग १२० व्होल्टचा, भारतातला २३०चा. एवढा दाब अंगावर वागवूनही यजमानीण हसत तिळगूळ वाटते, कारण दाब मोठा असला तरी साठा नगण्य आहे. तेवढ्या दाबाला माणसाच्या अंगावर जेमतेम एक मायक्रोकुलोंब, म्हणजे एका कुलोंबचा दहा लाखावा भाग, एवढाच विद्युतभार मावतो आणि तो डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी संपतो. आकाशातल्या विजेच्या एका फटक्यात साधारण ५ कुलोंब भार खाली उतरतो. काकूंच्या कपाळावरचे असे पन्नास लाख चटके एकाच रेषेतून, एकाच वेळी. फरक एवढाच. बाकी गोष्ट तीच आहे, आणि ती तीच आहे हे माणसाला कळून तीनशे वर्षंही झालेली नाहीत.

बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'स्थितिक विद्युत' हा धडा आपण सगळ्यांनी वाचलेला असतो. कंगवा केसांवर घासायचा, कागदाचे कपटे उचलायचे. धडा सांगतो, दोन वेगळे पदार्थ एकमेकांना चिकटून सुटे झाले, की एकावरचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर राहून जातात. खरं तर घासायचीही गरज नसते, नुसता स्पर्श होऊन दूर होणं पुरतं. घासल्याने स्पर्शाच्या जागा वाढतात इतकंच. कार्पेटवर पडणारं प्रत्येक पाऊल असा थोडा थोडा भार अंगावर चढवत जातं. पाऊल उचललं की भार वेगळा झाला. दहा-बारा पावलांत काम होतं.

पण पुण्यातही लोक मोजे घालतात, सतरंजीवरून चालतात, रेशीम नेसतात. मग तिथे जुलैत असा चटका का बसत नाही? कारण थंड हवेत पाण्याची वाफ फार थोडी मावते. बाहेरची उणे पंधराची हवा फर्नेसने ओढून वीस-एकवीस अंशांपर्यंत तापवली, की तिच्यातला ओलावा तेवढाच राहतो, पण तिची तहान कितीतरी पटीने वाढते. घरातली सापेक्ष आर्द्रता दहा-वीस टक्क्यांवर घसरते. ओठ फुटतात, लाकडी फर्निचर करकरतं, ड्रायरमधून काढलेली नायलॉनची साडी हाताला चिकटून बसते. दमट दिवसात प्रत्येक पृष्ठभागावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर असतो. त्या थरातून भार साठायच्या आधीच निसटून जातो. पुष्कळांना वाटतं की दमट हवा स्वतःच वीज वाहून नेते. तसं फारसं नसतं. गळती होते ती पृष्ठभागावरून.

मग एक प्रश्न उभा राहतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. भार साठायला कोरडेपणा लागतो, तर आकाशातली वीज पावसात कशी पडते? नेपरव्हिलला जानेवारीत वीज कडाडणं दुर्मीळ. ती येते मे ते ऑगस्टमध्ये, जेव्हा मेक्सिकोच्या आखाताकडून दमट वारे इलिनॉयवर चढून येतात आणि पश्चिमेकडची मैलोनमैल पसरलेली मक्याची शेतं पानांतून एवढी वाफ सोडतात की हवा अंगाला चिकटते. इथले लोक त्याला मक्याचा घाम म्हणतात. म्हणजे घरातली ठिणगी सर्वांत कोरड्या महिन्यात आणि आकाशातली ठिणगी सर्वांत ओल्या महिन्यात. एकच गोष्ट दोन उलट्या ऋतूंत कशी घडते?

उत्तर जमिनीवर नाही, सहा-सात किलोमीटर वर आहे. जुलैच्या दुपारी पश्चिमेला चढलेला गडगडाटी ढग पायथ्याशी एखाद-दीड किलोमीटरवर असतो आणि त्याचा ऐरणीसारखा पसरलेला माथा १२ ते १५ किलोमीटरांवर पोचलेला असतो. खाली ३३ अंश उकाडा, पण साडेचार किलोमीटरांच्या आसपास शून्य अंशाची रेषा ओलांडली जाते आणि त्याच्या वर ढगात उणे दहा, उणे पंधरा, उणे पंचवीस. वीज तयार होते ती याच पट्ट्यात. नेपरव्हिलच्या जुलैच्या डोक्यावर अशा दुपारी नेपरव्हिलचा जानेवारी बांधला जातो, बर्फासकट.

तिथे काय चालतं ते डोळ्यांसमोर आणून पाहा. ताशी पन्नास-साठ किलोमीटर आणि कधी शंभराच्याही पुढे अशा वेगाने हवा उभी वर चढते आहे. तिच्यासोबत वर गेलेले पाण्याचे थेंब उणे पंधरा अंशांतही गोठलेले नाहीत. ज्यावर जमून बर्फ व्हावं असा कण त्यांना सापडलेला नसतो, म्हणून ते अतिथंड होऊनही पाणीच राहतात. बर्फाच्या कणाला असा थेंब चिकटला की तत्क्षणी गोठतो. एकावर एक थेंब गोठत मऊ, सच्छिद्र, मोत्याएवढी गार तयार होते. ती जड, म्हणून खाली पडू पाहते किंवा तरंगत राहते. बाजूने बर्फाचे इवले स्फटिक वाऱ्याबरोबर वर धावतात. स्फटिक गारेवर आपटतो, उसळतो आणि निघून जातो. त्या एका टकरीत भाराची अगदी बारीक देवघेव होते: उणे दहा-पंधरा अंशांहून थंड भागात गारेवर ऋण भार राहतो आणि स्फटिक धन भार घेऊन वर निसटतो. अशा असंख्य टकरी. मोज्याने कार्पेटला शिवून पाऊल उचलावं, तसं इथे स्फटिकाने गारेला शिवून वर जावं. पाऊल उचलण्याचं काम वारा करतो. थोड्याच वेळात ढगाच्या माथ्यावर धन भाराचा साठा आणि मधल्या भागात, सहा-सात किलोमीटरांवर, ऋण भाराचा जाड थर तयार होतो. ओलावा लागतो तो हे सारं चालवण्यासाठी: वाफ पाणी होताना आणि पाणी बर्फ होताना जी उष्णता सुटते, तीच ढगाला वर ढकलते. आणि घरातल्यासारखी गळती इथे होत नाही, कारण गारेला जमीन शिवतच नाही. तिच्या चारी बाजूंना फक्त हवा आहे.

ढगांमधला हा भार ऋण असतो हे पहिल्यांदा ज्याने मोजलं, तो फिलाडेल्फियाचा एक छापखानेवाला होता. धन आणि ऋण हे शब्दही विजेच्या शास्त्रात त्यानेच रुजवले. बेंजामिन फ्रँकलिनच्या काळी वीज म्हणजे दिवाणखान्यातली करमणूक होती: काचेचा गोळा फिरवायचा, हात घासायचा, पाहुण्याच्या नाकातून ठिणगी काढायची. १७४५-४६मध्ये लायडेन बरणी सापडली आणि ठिणगी साठवता येऊ लागली. मग चटका गंमतीचा राहिला नाही. १७४९मध्ये फ्रँकलिनने एक यादी मांडली: ठिणगी आणि वीज दोन्ही उजेड देतात, दोन्ही वेड्यावाकड्या धावतात, दोन्ही धातूतून जातात, दोन्हींचा कडकडाट होतो, दोन्ही प्राण्यांचा जीव घेतात, दोन्हींना गंधकासारखा वास येतो. मग धातूच्या टोकांकडे ठिणगी जशी ओढली जाते तशी वीजही ओढली जात असेल का, हे करून पाहायला हवं, असं त्याने ठरवलं. यादी करणारे पुष्कळ असतात. यादीच्या शेवटी प्रयोग लिहिणारा विरळा.

प्रयोग आधी झाला तो फ्रान्समध्ये. १० मे १७५२ रोजी पॅरिसजवळच्या मार्ली गावात दालिबार या शास्त्रज्ञाने उभ्या केलेल्या सुमारे चाळीस फुटी लोखंडी सळईतून, ढग डोक्यावर येताच ठिणग्या निघाल्या. फ्रँकलिनचा पतंग त्याच वर्षीच्या जूनमधला, फ्रान्सची बातमी अमेरिकेत पोचण्याआधीचा. त्या पतंगावर वीज कोसळली होती अशी समजूत सर्वत्र आहे. कोसळली असती तर फ्रँकलिन वाचला नसता. पतंगाने ढगाखालच्या विद्युतक्षेत्रातला भार तेवढा गोळा केला. पतंगाची दोरी तागाची, पावसाने भिजलेली, म्हणून भार खाली आणणारी. दोरीच्या टोकाला किल्ली. आणि हातात धरलेला भाग रेशमी फितीचा, जो कोरडा राहावा म्हणून फ्रँकलिन आडोशाला छपराखाली उभा होता. ओली दोरी वाट देते, कोरडं रेशीम वाट अडवतं. संक्रांतीच्या दिवशी चंद्रकळा जो भार धरून ठेवते, तो याच गुणामुळे. किल्लीजवळ बोटाची पेरं नेली आणि ठिणगी पडली, तीच, दिवाणखान्यातली.

त्या सप्टेंबरमध्ये त्याने घराच्या छपरावर सळई बसवली, तिची तार जिन्यातून खाली आणली आणि मध्ये दोन छोट्या घंटा टांगल्या, त्यांच्यामध्ये रेशमी दोऱ्याला पितळी गोळी. ढग भारलेला असला की गोळी एका घंटेकडून दुसरीकडे धावत राही आणि घरात किणकिणाट होई. या घंटांमुळेच पुढच्या वसंतात त्याला कळलं की ढगांचे तळ बहुतेक वेळा ऋण असतात, क्वचित धन. आजच्या विमानांनी आणि फुग्यांनी मोजलेलं उत्तर तेच आहे. जिन्यातल्या दोन घंटांवरून एवढं अचूक अनुमान काढलेलं पाहून मन भरून येतं. असा खेळ जिवावर कसा बेततो हे १७५३मध्ये सेंट पीटर्सबर्गला दिसलं. शास्त्रज्ञ गेऑर्ग रिचमान यांनीही सळईची तार घरात आणली होती, पण ती जमिनीत उतरवलेली नव्हती. वादळात ते उपकरण पाहायला वाकले आणि तारेतून निघालेल्या फटक्याने जागच्या जागी गेले.

घंटा आणि वीज यांचं नातं त्याहून जुनं आणि दुःखाचं आहे. नेपरव्हिलमध्ये ड्यूपेज नदीकाठी रिव्हरवॉकवर मिलेनियम कॅरिलॉनचा सुमारे १६० फुटी मनोरा आहे, २००० साली उभा राहिलेला, ७२ घंटांचा. उन्हाळ्याच्या संध्याकाळी हिरवळीवर बसून लोक त्याचं वादन ऐकतात. युरोपात मात्र शतकानुशतकं समजूत अशी होती की चर्चच्या घंटा जोरात वाजवल्या की वादळ मोडतं, वीज पळते. म्हणून गडगडाट सुरू झाला की माणूस मनोऱ्यात चढून दोर ओढू लागे: गावातली सर्वांत उंच जागा, वर धातूच्या घंटा आणि हातात भिजलेला दोर. अठराव्या शतकातल्या नोंदींत शेकडो मनोऱ्यांवर वीज पडल्याचं आणि शंभराहून अधिक घंटावादक गेल्याचं दिसतं. गावाला वाचवायला चढलेली माणसं होती ती. त्यांच्या डोक्यावर एक सळई आणि सळईपासून जमिनीपर्यंत एक तार असती, तर बरेच जण घरी परतले असते.

आता वीज खाली कशी येते ते पाहू, कारण अशा सळईचं, म्हणजे तडितरक्षकाचं, सगळं कसब शेवटच्या काही मीटरांत आहे. ऋण भाराच्या थरातून एक अंधूक, फांद्या फुटत जाणारा मार्ग खाली निघतो. तो सलग धावत नाही. साधारण पन्नास मीटरांची एक उडी, मग सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या काही पट थांबणं, मग पुढची उडी. त्याला खाली काय आहे याचा पत्ता नसतो. तुमचं घर, शिवारातला आंबा, देवळाचा कळस, गुरं राखणारा मुलगा, यांतलं काहीही त्याने निवडलेलं नसतं. जमिनीपासून शे-पन्नास मीटरांवर तो आला, की खालचं विद्युतक्षेत्र एवढं वाढतं की झाडाच्या शेंड्यावरून, खांबावरून, माणसाच्या डोक्यावरूनही धन भाराच्या बारीक शाखा वर झेपावतात. यांतली जी शाखा आधी भेटेल, तिथे वीज पडते. भेट झाल्याबरोबर त्या वाटेने प्रकाशाच्या वेगाच्या साधारण एक-तृतीयांश वेगाने झोत उलटा वर धावतो. डोळे दिपवतो तो हाच. सरासरी ३०,००० अँपिअर प्रवाह, दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या नळीतून. नळीतली हवा ३०,००० अंशांपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. ती फुटल्यासारखी फुगते आणि गडगडाट होतो. त्याच वाटेने पुन्हा तीन-चार फटके येतात, प्रत्येकाच्या मध्ये सेकंदाचा विसावा-पंचविसावा भाग. म्हणून वीज लुकलुकल्यासारखी दिसते.

आपल्याकडे पायाळू माणसावर वीज पडते अशी समजूत आहे आणि पावसाळी ढग दिसले की पायाळू लेकराला घरात ओढणाऱ्या आज्या अजून आहेत. घरात ओढणं उत्तमच, फक्त सगळ्याच लेकरांना ओढायला हवं. वीज जन्म कसा झाला हे पाहत नाही. ती पाहते फक्त उंची आणि शेवटच्या त्या शे-पन्नास मीटरांत कोणाची शाखा आधी वर आली ते. हिवाळ्यात स्वेटर काढताना केस उभे राहतात त्याचं आपल्याला हसू येतं. मोकळ्या माळावर ढगाखाली केस उभे राहिले, कातडी मुंग्या आल्यासारखी झाली, तर तुमच्या डोक्यातून शाखा निघू लागली आहे. लक्षण एकच, पण दुसऱ्या वेळी हाताशी काही सेकंदच असतात.

तडितरक्षक या खेळात काय करतो? त्याच्याबद्दलचे दोन गैरसमज एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एक असा की तो दुरून वीज ओढून आणतो. दुसरा असा की तो ढगातला भार गुपचूप काढून घेऊन वीज होऊच देत नाही. दुसरा गैरसमज खुद्द फ्रँकलिनचा होता: अणकुचीदार टोकातून भार हळूहळू निसटतो हे त्याने प्रयोगशाळेत पाहिलं होतं. पण ढग दर सेकंदाला भार बनवतो तो कुलोंबाच्या मापाने, आणि टोकातून निसटतो तो मायक्रोकुलोंबाच्या मापाने. नदीपुढे ठिबक. रक्षक वीज थांबवत नाही, बोलावतही नाही. अगदी जवळ आलेल्या विजेला तो आधी शाखा पाठवतो, झोत स्वतःवर घेतो आणि जाड तांब्याच्या तारेने, घराच्या लाकडाला, विटांना, वायरिंगला बाजूला ठेवून, सुमारे दहा फूट खोल पुरलेल्या सळईपर्यंत नेऊन मातीत सोडतो. पाण्याचे, गॅसचे नळही त्याच तारेला जोडतात, नाहीतर वीज एका धातूवरून दुसऱ्यावर उडी मारते. कोणत्याही मोठ्या इमारतीवर रक्षक कुठे हवेत हे ठरवताना अभियंते मनातल्या मनात ४६ मीटर त्रिज्येचा गोळा छपरावरून लोळवतात. गोळा इमारतीला जिथे टेकेल, तिथे वीज पोचू शकते. तिथे सळई उभी करायची. शेवटच्या उडीचं अंतर म्हणजेच त्या गोळ्याची त्रिज्या. मला ही कल्पना विज्ञानातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते: न दिसणाऱ्या गोष्टीचा आकार असा मापात धरणं.

सळई टोकदार हवी की बोथट, यावर मात राजकारण झालं. फ्रँकलिन टोकदारच्या बाजूने, आणि १७७०च्या दशकात अमेरिकेशी युद्ध पेटल्यावर इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जने आपल्या राजवाड्यावर बोथट गोळ्यांच्या सळया बसवल्या. उत्तर यायला दोनशेहून अधिक वर्षं लागली. शास्त्रज्ञ चार्ल्स मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतल्या एका डोंगरमाथ्यावर टोकदार आणि बोथट सळया शेजारी शेजारी उभ्या करून सात वर्षं वाट पाहिली. बोथट सळयांवर १२ वेळा वीज पडली, टोकदारांवर एकदाही नाही. टोकाभोवती भार निसटून हवेत जे कवच बनतं, ते शाखेला वर झेपावू देत नाही, असा त्यांचा अर्थ आहे. याचा दुसरा पुरावा नेपरव्हिलपासून गाडीने अर्ध्या तासावर, बटाव्हियाच्या फर्मिलॅबमध्ये अनेक वर्षं उभा होता. प्रोटॉनना पहिला धक्का देणारं तिथलं कॉक्रॉफ्ट-वॉल्टन यंत्र ७,५०,००० व्होल्टवर चालायचं आणि २०१२पर्यंत चाललं. त्याच्या चकचकीत मनोऱ्यांवर कुठेही कोपरा नव्हता, सगळं गोल, गुळगुळीत, घुमटासारखं. एक कोपरा राहिला असता तर तेवढा दाब तिथून हवेत निसटला असता.

इलिनॉयच्या जुन्या शेतघरांच्या आणि धान्याच्या कोठारांच्या कण्यावर अजूनही सळया दिसतात, मध्ये निळा, दुधी किंवा जांभळा काचेचा गोळा. गोळा केवळ शोभेचा, पण एकोणिसाव्या शतकात गावोगाव हिंडणाऱ्या विक्रेत्यांनी तो चांगलाच खपवला. त्यांच्यात भामटेही पुष्कळ होते. तार जमिनीपर्यंत न नेताच पैसे घेऊन जाणारे. जमिनीत न उतरलेली सळई म्हणजे रिचमान यांच्या घरातली सळई, आणि तिने होणारं नुकसान सळई नसण्याहून जास्त. इथल्या नव्या वस्त्यांतल्या घरांवर रक्षक फारसा दिसत नाही. शिकागोत मात्र उलटा प्रकार घडतो. विलिस टॉवरच्या अँटेनांची टोकं ५२७ मीटरांवर आहेत आणि वादळात कधी कधी वीज तिथून निघून वर ढगात जाते. फोटोत हे ओळखता येतं: फांद्या वरच्या दिशेला फुटलेल्या असतात.

नेपरव्हिलला रक्षकाचा एक धाकटा भाऊही नांदला, आणि त्याची ओळख इथल्या कित्येक मराठी अभियंत्यांना रोजची. बेल लॅब्जचं इंडियन हिल केंद्र १९६६पासून नेपरव्हिलमध्ये होतं. अमेरिकेची टेलिफोन एक्स्चेंजं इलेक्ट्रॉनिक होण्यात इथल्या कामाचा मोठा वाटा होता. सर्किट बोर्ड हाताळताना मनगटाला पट्टा बांधायचा आणि त्याची तार जमिनीशी जोडायची, हा त्या उद्योगाचा नियम. हाताला चटका जाणवायला दोन-तीन हजार व्होल्ट लागतात. काही चिपा शंभर व्होल्टनेही मरतात. अंगावरचा भार चिपेतून जायच्या आत जमिनीत गेला पाहिजे. तत्त्व तडितरक्षकाचंच, पण एक मोठा फरक: छपरावरच्या तारेला रोध जितका कमी तितकं चांगलं, तर मनगटाच्या पट्ट्यात मुद्दाम दहा लाख ओहमचा रोध बसवलेला असतो, म्हणजे भार हळू उतरतो आणि चुकून हात चालू तारेला लागला तरी माणूस वाचतो. इथल्या पेट्रोल पंपांवर हिवाळ्यात नळी गाडीत लावून पुन्हा सीटवर जाऊन बसू नये, असं बजावतात, त्याचंही कारण हेच. परत उतरताना सीटवरून घेतलेला भार नळीपाशी ठिणगी बनला, तर समोर पेट्रोलची वाफ असते.

उन्हाळ्यात नेपरव्हिल पार्क डिस्ट्रिक्टच्या मैदानांवर पोरांचे सामने रंगात असताना भोंगा वाजतो, तोही पुष्कळदा ऊन पडलेलं असताना. वीज-इशाऱ्याची ही यंत्रणा हवेतल्या विद्युतक्षेत्रावर नजर ठेवते, म्हणजे फ्रँकलिनच्या घंटांचंच काम करते. नवीन आलेले आईबाबा आकाशाकडे बघून गोंधळतात, पण ढगापासून पंधरा-वीस किलोमीटरांवर निरभ्र आकाशातून वीज पडल्याची उदाहरणं आहेत. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत थांबायचं. पत्र्याची मोटारगाडी सुरक्षित, कारण प्रवाह तिच्या सांगाड्यावरून उतरतो. झाडाखालची जागा सर्वांत वाईट.

महाराष्ट्रात हेच सांगणं जिवाशी अधिक जोडलेलं आहे. वैशाखात मराठवाड्यात, विदर्भात वळवाचा ढग दुपारी चढतो, शेतात आडोसा म्हणून एकच झाड असतं आणि बाया-माणसं, गुरं त्याच्याखाली गोळा होतात. झाडावर पडलेली वीज मुळांतून चहूकडे जमिनीत पसरते; चार पायांत मोठं अंतर असलेली गाय-बैल माणसाच्या आधी मरतात ते यामुळे. भारतात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं विजेने जातात. अमेरिकेत आता सुमारे वीस. हा फरक आकाशाचा नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने २०१४मध्ये महाराष्ट्रभर वीज टिपणाऱ्या संवेदकांचं जाळं उभारलं आणि त्यातूनच दामिनी ॲप आलं, जे आसपास वीज पडायची शक्यता असली की फोनवर इशारा देतं. गावोगाव वीज अटकाव यंत्रणा बसवायच्या योजना आहेत. सळई, तार आणि माती एवढंच लागतं. फ्रँकलिनने त्यावर पेटंटही घेतलं नव्हतं.

या अवघ्या गोष्टीत आकाराने सर्वांत थक्क करणारी वीज २२ ऑक्टोबर २०१७ रोजी पडली, आणि ती ओळखायला काही वर्षं लागली. पूर्व टेक्सासपासून कॅन्सस सिटीजवळपर्यंत ८२९ किलोमीटर लांब एकच वीज ढगांतून आडवी धावली. उपग्रहाच्या नोंदी पुन्हा तपासल्यावर जागतिक हवामान संघटनेने २०२५मध्ये तिचा विक्रम मान्य केला. मुंबईहून नागपूरला जाणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा. आपण गाडीने दिवसभरात कापतो त्याहून लांब ठिणगी, सात-साडेसात सेकंदांत.

आणि तरी ती पहिली ठिणगी ढगात पेटते कशी, हे अजून सुटलेलं नाही. फुगे आणि विमानं ढगांत सोडून मोजलेलं विद्युतक्षेत्र हवा फोडायला लागणाऱ्या क्षेत्राच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास भरतं. एका मतानुसार बर्फाच्या कणांच्या टोकांशी क्षेत्र तेवढ्यापुरतं वाढतं. दुसऱ्या मतानुसार अवकाशातून येणारे वैश्विक किरण ढगात वेगवान इलेक्ट्रॉनांचा सडा पाडतात आणि तोच वाट उघडतो. १९९४मध्ये एका उपग्रहाच्या नोंदींत वादळी ढगांतून निघालेले गॅमा किरण सापडले, तेव्हापासून दुसऱ्या मताला वजन आलं आहे. दुसरीकडे, कार्पेट आणि मोजा सुटे होताना नेमकं काय हलतं, फक्त इलेक्ट्रॉन, की आयन, की पदार्थाचे सूक्ष्म तुकडेच भार घेऊन जातात, यावरही प्रयोगशाळांत अजून वाद चालू आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये घासलेल्या अंबरला काडीकचरा चिकटलेला पाहिला, तेव्हापासूनचा हा प्रश्न आहे.